दादाला पैकीच्या पैकी

अमरावती,
१३ सप्टेंबर २०२५

चि. रमास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. कोणीही गेलेलं नाही. उलट जो गेलेला नव्हता त्याला मी घालवला, आणि त्याचाच हा वृत्तांत आहे.

परवा खुशालरावांकडे त्यांच्या वडिलांचं, म्हणजे भगवंतरावांचं श्राद्ध होतं. तुला ठाऊकच आहे, आपल्या घराण्यात वही नाही. कोणत्या यजमानाचे बाप, आजे, पणजे कोण हे बाबांना तोंडपाठ होतं आणि मलाही आहे. बाकीचे भिक्षुक मोबाइलमध्ये बघून नावं घेतात आणि मी त्यांना मनसोक्त हसत आलो आहे. तर परवा मी भगवंतरावांच्या जागी चांगल्या खणखणीत आवाजात देवरावांचं नाव घेतलं. पाणी सोडलं, पिंड दिला, तृप्त व्हा म्हणूनही सांगितलं. देवराव म्हणजे भगवंतरावांचे थोरले बंधू, मुक्काम अंजनगाव सुर्जी, घरचे पानमळे. ते त्या वेळी समोरच बसून जेवायला कधी बोलावतात याची वाट पाहत होते.

एवढ्या संस्कृतात देवरावांना स्वतःचं नाव तेवढं कळलं. त्यांनी हळूच विचारलं की महाराज, मी तं जित्ता आहो, मले काहून पानी देऊन राहिले? तोवर गच्चीवरच्या पिंडाला कावळा शिवलासुद्धा. या घरात कावळा दरवर्षी ताटकळत ठेवतो, कोणीतरी हात जोडून दोन-चार वचनं द्यावी लागतात. यंदा ठेवताक्षणी शिवला. देवरावांना माझ्यापेक्षा कावळ्याचाच राग जास्त आला. त्यांचं म्हणणं असं की माया बम साऱ्या इच्छा बाकी आहेत, अन् या कावळ्यानं परस्पर खातं बंद करून टाकलं.

सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र बाबांची शेवटची दोन वर्षं डोळ्यांपुढे आली. मला यजमान समजून ते दक्षिणा मागायचे आणि मी मुकाट्याने त्यांच्या हातावर नाणं ठेवायचो. रमा, मला त्या वाटेनं जायची फार भीती वाटते.

गेल्या आठवड्यात ज्येष्ठ नागरिक संघात मेंदूच्या डॉक्टरांचं व्याख्यान ऐकलं. ते म्हणाले, हा आजार हमखास टाळता येईल असं कोणी सांगू शकत नाही, पण धोका कमी करणं बरंचसं आपल्या हातात असतं. चालावं, रक्तदाब सांभाळावा, तंबाखू सोडावी, नीट झोपावं, ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावावं, माणसांत राहावं आणि डोक्याला काहीतरी नवं काम द्यावं. पत्र लिहिणं हे माझं पहिलं नवं काम. फोनवर तुला ऐकू येत नाहीच.

आता मुख्य गोष्ट. तू आयुष्यभर गणित शिकवलंस, बोर्डाचे पेपर तपासलेस. माझी पत्रं तशीच तपास. काही घसरलेलं दिसलं की स्पष्ट लिही. आमची दामिनी सून म्हणून लाख गुणी, पण मी चहात मीठ घातलं तरी बाबा, छान झाला म्हणेल. तू चूक दाखवलीस की त्या दिवशी मी भिक्षुकी सोडेन. एकाच्या बापाचं पाणी दुसऱ्याला पाजणं मला जमायचं नाही.

माझा नातू ईशान मला बुद्धिबळात रोज हरवतो आणि वर माझी समजूत घालतो. तुझ्या सोहमला आशीर्वाद. कळावे. लोभ आहेच, तो पत्रागणिक ताजा होवो.

तुझा,
मोरोपंत दादा


अकोला,
२१ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या बाई धावत आल्या. काय झालं असं विचारत असाव्यात. मी आपलं त्यांना साखर दिली.

कानांचं म्हणशील तर हे गेल्याला येत्या माघात तीन वर्षं होतील, तेव्हापासून घरात बोलायलाच कोणी नाही. मग ऐकू आलं काय नि न आलं काय. सोहम पुण्याहून फोन करतो, मी हो हो म्हणते. मागच्या महिन्यात त्या हो हो मध्ये मी त्याच्या वास्तुशांतीला शंभर माणसांच्या पुरणपोळ्या करायचं कबूल करून बसले, हे मला त्याच्या सासूबाईंच्या आभाराच्या निरोपावरून कळलं.

तुझे पेपर तपासायचं कबूल. माझा हात कडक आहे हे निम्म्या अकोल्याला ठाऊक आहे. या पत्राला पैकीच्या पैकी. शुद्धलेखन भयाण आहे, पण ते तुझं मुंजीच्या आधीपासूनचं आहे, त्याला आजार म्हणता येत नाही. एका भावाच्या जागी दुसऱ्याचं नाव कोणाच्याही तोंडून निघतं. मी वर्गात जुळ्या बहिणींची प्रगतिपुस्तकं सबंध वर्ष उलटसुलट भरली होती आणि दोघी पास झाल्या.

पण नुसती पत्रं खरडून भागायचं नाही. पितृपक्षभर तू दोन-दोन घरी वडे आणि खीर जेवतोस आणि दुपारभर पडून असतोस. त्यात बिचाऱ्या मेंदूनं काय करावं? उद्यापासून चालायला लाग. रक्तदाब मोजून घे. यजमानांचा मान राखायचा म्हणून जिलबीवर जिलबी घेतोस, ते बंद कर. मान राखायला एक पुरते.

मला यंत्र लाव म्हणू नकोस. म्हातारी दिसेन.

कळावे. माझ्यावरचा लोभ वाढव, जेवणातला कमी कर.

तुझी,
रमा


अमरावती,
६ ऑक्टोबर २०२५

चि. रमास,
अ. उ. आशीर्वाद.

तू आता बहात्तर वर्षांची आहेस. यंत्र न लावताही म्हातारीच दिसतेस. तू यंत्र लावणार असशील तरच मी चालेन, असा माझा ठराव आहे आणि तो दामिनीने टाळ्या वाजवून मंजूर केला आहे.

मी मात्र आगाऊ चालायला लागलो. पहाटे छत्री तलावापर्यंत जातो. डोक्याला नवं काम म्हणून डाव्या हाताने दात घासतो. दातांपेक्षा आरसाच स्वच्छ होतो. त्याचा एक दुष्परिणाम असा झाला की हाताला सवय लागली आणि दसऱ्याला एका यजमानांना मी डाव्या हाताने तीर्थ दिलं. त्यांनी ते घेतलंच नाही. शिवाय दामिनीच्या शाळेत सेमाडोहच्या एक बाई आहेत, त्यांच्याकडून कोरकू भाषा शिकतो आहे. त्या म्हणतात की माझी कोरकू ऐकून संस्कृतच वाटते.

देवरावांचं प्रकरण मिटलेलं नाही. पिंड मिळाल्यापासून त्यांना भूक लागत नाही. जेवण आधीच पोचलं असेल तर लागणार कुठून, असा त्यांचा सवाल. मी समजूत घालायला गेलो आणि विद्वत्ता आडवी आली. मेला असं समजून ज्याचं सगळं उरकलं तो माणूस परत आला तर त्याचे संस्कार पुन्हा पहिल्यापासून करावेत, असं जुन्या ग्रंथांत असल्याचं मी बोलून गेलो. देवरावांनी ते धरूनच ठेवलं. आता ते पुतण्याकडे मुक्कामाला आले आहेत आणि म्हणतात की महाराज, तुमी मारलं, आता तुमीच जन्माले घाला.

एक बरं झालं की ते सकाळी माझ्याबरोबर चालतात. परवा छत्री तलावावर गंमत झाली. तिथे हास्यक्लब आहे. ओमप्रकाशजी नावाचे गृहस्थ सगळ्यांना हात वर करून हसवतात, हसू कोणालाच येत नाही. त्यांनी देवरावांना परिचय विचारला. देवराव गंभीरपणे म्हणाले की मी मेलेला मानूस आहो, हे माये भटजी. क्लब जो हसला तो थांबेचना. ओमप्रकाशजींनी देवरावांना आजीव सभासदत्व देऊ केलं, त्यावर देवराव म्हणाले की आजीव कसं घेऊ, तोच तं वांधा आहे.

चालताना लहानपण आठवतं. बाबा आपल्याला कौंडण्यपूरच्या जत्रेला न्यायचे, पूर्णेच्या पाण्यात पाय सोडून आपण चिवडा खायचो. पेपर नीट तपास. तुझ्या ईशानला आशीर्वाद. कळावे. लोभ कर आणि कानांचंही बघ.

तुझा,
दादा


अकोला,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेपर तपासला. पैकीच्या पैकी. उगाच काळजी करतोस, चांगला ठणठणीत आहेस.

तुझ्या ठरावापुढे मान तुकवून कानाचं यंत्र घेतलं. जगात एवढा आवाज आहे हे मी साफ विसरले होते. पंखा करकरतो, फ्रीज कण्हतो, मी स्वतः पापड खाते तेव्हा घरात कोणी शिरल्यासारखं वाटतं. सर्वांत मोठा धक्का भजनी मंडळात बसला. गेली चार वर्षं आम्ही किती सुंदर गातो या समजुतीत मी पहिल्या रांगेत डोळे मिटून बसत होते. दादा, आम्ही भयंकर गातो. त्यातही सगळ्यांत भयंकर मीच. मी बाहेर पडते म्हटलं तर सगळ्या जणी म्हणाल्या की रमाताई, राहून जा ना, तुमच्या आवाजात आमचा झाकल्या जाते.

तरी आता रोज जाते. तिथून भाजी घेऊन येते, वाटेत दोन-चार जणींशी भांडण होतं, बरं वाटतं.

देवरावांना जन्माला घालणार असशील तर आधी त्यांच्या घरच्या बाईंना विचार. तुम्ही पुरुष परस्पर मरता आणि परस्पर उठता.

दिवाळीला सोहम मला पुण्याला नेतो आहे, तेव्हा यंदा भाऊबीज राहील. मनातून ओवाळते. कळावे. आहे त्याहून लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझी,
रमा


अमरावती,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रमास,
अ. उ. आशीर्वाद.

भाऊबीजेला तुझ्या हातचं अभ्यंग चुकलं. अमरावतीत मात्र त्या दिवशी देवरावांचा जन्म झाला.

बारसं खुशालरावांकडेच केलं. पाळण्याऐवजी बंगईवर बसवलं. बंगईच्या कड्या करकरल्या, पण टिकल्या. कानात नाव सांगायला आत्या हवी. अंजनगावला त्यांची नव्वदी उलटलेली आत्या आहे, तिला गाडी करून आणली. सगळ्यांना वाटलं ती देवराव म्हणेल. ती म्हणाली किशोर. तिच्या मनात तेव्हापासून हेच होतं, आई-भावजयांनी तिचं ऐकलं नव्हतं, आता ती कोणाचं ऐकायला तयार नाही. त्यामुळे शास्त्राप्रमाणे ते आता किशोर आहेत आणि त्यांच्या आधारकार्डावर देवराव आहेत. पुढे खरोखर वेळ आली की मी कोणतं नाव घ्यायचं ते देवच जाणे.

आता लग्न लागायला हवं. तू म्हणालीस तसं त्यांच्या घरच्या पार्बताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की पन्नास वर्षं जे सोसलं ते त्या मेलेल्या माणसासाठी. नवा नवरा करायचा तर आधी पोरगं पाहीन. खरोखर पाहायचा कार्यक्रम झाला. देवराव मान खाली घालून बसले आणि पार्बताबाईंनी प्रश्न विचारले. तंबाखूचा खर्रा सोडणार का? रोज चालणार का? बीपीची गोळी न सांगता घेणार का? रात्री टीव्ही लावून खुर्चीतच घोरणार की वेळेवर निजणार? ज्वारीची भाकर आणि करडईची भाजी पाहून तोंड वाकडं करणार का? मी व्याख्यानात जे ऐकलं ते सगळं या बाईला आधीपासून ठाऊक होतं, फक्त तिचं ऐकणारं कोणी नव्हतं. देवराव सगळ्याला हाव म्हणाले. पार्बताबाई म्हणाल्या, कळवते.

परवाच आणखी एक गंमत झाली. छत्री तलावावर हास्यक्लब आहे, तिथे ओमप्रकाशजी नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी देवरावांना परिचय विचारला तर देवराव म्हणाले की मी मेलेला मानूस आहो. सगळा क्लब हसून आडवा झाला. तुला हे सांगायचंच होतं.

मला आता भलतंसलतं जुनं आठवतं. तू मॅट्रिकला गणितात नापास झालीस तेव्हा बाबांनी तुला पेढा दिला होता, आठवतं? बाकी सर्व क्षेम. भाऊजींना माझा नमस्कार सांग. कळावे. लोभ ठेव.

तुझा,
दादा


अकोला,
४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पैकीच्या पैकी. किशोररावांना दीर्घायुष्य चिंतिते.

पुण्यात बरी होते. यंत्रामुळे सोहमच्या सासूबाईंचं सगळं बोलणं ऐकावं लागलं, तेवढं सोडल्यास हवा छान होती. आज जास्त लिहीत नाही, हात दुखतो आहे. तू रक्तदाब मोजलास का ते कळव. नुसतं चालतोस, मोजत मात्र नाहीस, असं दामिनीने लिहिलं आहे.

कळावे. लोभ आहेच.

रमा


अमरावती,
११ नोव्हेंबर २०२५

चि. रमास,
आशीर्वाद.

तुळशीचं लग्न झालं आणि देवरावांचंही लागलं. पार्बताबाईंचा होकार आदल्या दिवशी आला. मांडवात नवऱ्या मुलाचे खिसे तपासण्यात आले. खर्रा सापडला नाही, कोटाच्या अस्तरात सापडला. पार्बताबाईंनी अंतरपाटापलीकडून तो मागून घेतला आणि मगच हार घातला. नातवंडं करवल्या होऊन मिरवली. मी मंगलाष्टकं कागदाशिवाय म्हटली, एक अक्षर अडखळलो नाही. देवरावांची भूक परत आली असून ती आता आवरत नाही.

आता तुझ्याकडे वळतो. रमा, मी तुला फसवलं, आणि त्यातून कळलं की तू मला फसवते आहेस. तू खरं सांगशील की नाही याची मला शंका होती, म्हणून मी पत्रांत मुद्दाम तीन चुका पेरल्या. कौंडण्यपूर वर्धेच्या काठी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, मी पूर्णा लिहिलं. तुझा मुलगा सोहम, ईशान माझा नातू, तरी मी तुझा ईशान लिहिलं. आणि शेवटी, तू तरी उसळशील म्हणून, तू गणितात नापास झालीस असं लिहिलं. गणितात! जिल्ह्यात पहिली आलेली माझी बहीण ते वाचते आणि पैकीच्या पैकी देते!

बोर्डाची परीक्षक तू. तुझ्या हातून एक काना सुटत नसे. म्हणजे तुला सगळं दिसलं आणि तू गोड बोललीस. मी तुझ्याकडे औषध मागितलं आणि तू पेढा दिलास. आता मी खरोखर चुकू लागलो तर मला कोण सांगणार? चार घरच्या लोकांची श्राद्धं माझ्या जिभेवर आहेत. मी कोणाच्या भरवशावर त्यांचे पितर बोलावू?

मी फार रागावलो आहे. लोभाचं पुढच्या पत्रात पाहू.

मोरोपंत


अकोला,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा राग डोक्यावर घेते. पण आता मी खरी परीक्षक म्हणून लिहिते आहे, खुर्चीत नीट बसून वाच.

तू तीन चुका पेरल्यास. मला पाच सापडल्या होत्या.

गणिताचं वाक्य वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. तुला लगेच फोन करून झापणार होते. मग वाटलं, दादा हे खरंच विसरला असेल तर? आणि ते मनात आल्यावर फोन खाली ठेवला. तुझी गंमत मी खरी मानली, म्हणून गप्प राहिले.

उरलेल्या दोन आता सांगते. हास्यक्लबाची गोष्ट तू मला दसऱ्यानंतर लिहिली होतीस. दिवाळीनंतर तीच पुन्हा लिहिलीस, परवाच झाली म्हणून, सांगायचंच होतं म्हणून. आणि त्याच पत्रात वर तू मला सौ. लिहिलंस आणि खाली भाऊजींना नमस्कार सांगितलास. दादा, यांना अग्नी दिला तेव्हा मंत्र तूच म्हटलेस. पहिल्या दिवसापासून तेराव्यापर्यंत सगळं तूच केलंस. सोहमचा हात धरून पाणी सोडायला तूच शिकवलंस.

त्या ओळीवर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते. राग आला नाही. यांची कोणी अशी घरात असल्यासारखी चौकशी करून फार दिवस झाले होते, त्यामुळे बरंच वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तुला पैकीच्या पैकी दिले. बाबांचं आपण दोघांनी पाहिलं आहे. माझं लहानपण ज्याला ठाऊक आहे असं माणूस आता तू एकटा उरलास. तुझ्या डोक्यातून ते गेलं की मी परकरात होते हे या जगात कोणालाच माहीत नसणार. चुका मोजत गेले तर तुझं जाणं मोजल्यासारखं होईल असं मला वाटलं. हे मी चूक केलं, तुझं म्हणणं बरोबर आहे.

पण डाव्या हाताने दात घासून आणि कोरकू शिकून तू डॉक्टरांना चुकवतो आहेस, हेही लिहून ठेवते. व्याख्यान ऐकलंस, तपासणीला मात्र गेला नाहीस. दामिनीने वेळ घेतली आहे. बुधवारी मी येते आहे, कानात यंत्र घालून. डॉक्टर काय म्हणतात ते मला स्वतः ऐकायचं आहे.

कळावे. लोभ होता म्हणूनच खोटं बोलले.

तुझी,
रमा


अमरावती,
२९ नोव्हेंबर २०२५

चि. रमास,
अ. उ. आशीर्वाद.

डॉक्टरांनी तुला बाहेर बसवलं म्हणून तू गाडीत बसेपर्यंत धुमसत होतीस. आत काय झालं हे तू दोनदा विचारलंस आणि मी बी-बाराच्या गोळ्यांचं सांगून वेळ मारून नेली. तोंडून निघत नव्हतं. लिहायला सोपं जातं.

डॉक्टर म्हणजे अगदी तरणे गृहस्थ. त्यांनी आजची तारीख विचारली. मी तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण सांगितलं. ते बरोबर की चूक हे ठरवायला त्यांच्याकडे पंचांग नव्हतं, त्यांनी नर्सला पाठवून कुठूनसं कॅलेंडर आणवलं आणि मला अर्धा गुण दिला, कारण इंग्रजी तारीख मी सांगितलीच नव्हती. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, तिथे तुझं नाव राखलं. घड्याळाचं चित्र काढलं. मी मनात म्हटलं, जिंकलो. मग ते म्हणाले की सुरुवातीला तुम्हाला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, ते सांगा. मला एकही आठवला नाही. त्यांनी शब्द सांगितले होते हेसुद्धा आठवलं नाही. मी त्यांना म्हणालो, तुम्ही सांगितलेच नाहीत. दामिनी खाली पाहत होती, त्यावरून मला कळलं की सांगितले होते.

त्यांनी खोटा धीर दिला नाही, हे मला आवडलं. रक्तदाब बराच वाढलेला आहे, रक्तात जीवनसत्त्व कमी आहे, झोप उथळ आहे. यातलं पुष्कळ सुधारता येतं आणि ते सुधारलं की स्मरणही सावरू शकतं. न सावरलं तरी घसरण सावकाश व्हावी म्हणून तेच करायचं आहे. सहा महिन्यांनी पुन्हा तीन शब्द विचारणार आहेत. तोवर गोळी घ्यायची, चालायचं, माणसं सोडायची नाहीत.

भिक्षुकी सोडतो म्हणून मी सगळ्यांना निरोप धाडले. निरोप पोचताच देवराव आणि पार्बताबाई दोघं दारात हजर. देवराव म्हणाले की मले मारून आता पळून राहिले का महाराज? तुमी मंत्र म्हना, नावं मी वाचतो. काल एका घरी तसंच केलं. मंत्र मला आले, सगळे आले. नावाची जागा आली की मी थांबायचो आणि देवराव चष्मा सावरून कागदावरचं नाव मोठ्यांदा वाचायचे. यजमानांच्या आईला वाटलं ही काही नवीन पद्धत निघाली आहे. मला फार लाज वाटली, रमा. आणि नावं सगळी बरोबर पडली.

बाकी एकच. या पत्रापासून मी मुद्दाम चुका करणं थांबवलं आहे. यात एखादी असली तर ती माझी आहे. मला ती दिसत नाही, म्हणून तू शोध. आणि सापडली तर रडत बसू नकोस, आधी मला कळव.

कळावे. लोभ आहे तसाच असू दे, आणि तो यापुढे लाल शाईने लिहीत जा.

तुझा,
दादा